पाठमोरे वाजंत्री

वत्सलाबाईंचं नाव आधी घेते. नाशकात मला डोकं टेकायला खोली त्यांनी दिली, सातवीत सुटलेलं वाचन त्यांनी परत लावलं, तापात पडले तेव्हा उशाशी त्याच बसल्या. आणि चित्राकडे बघायचं असतं, नुसतं ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकायचं नसतं, हेही मला त्यांनीच शिकवलं. ह्या शेवटच्या शिकवणीनं त्यांचं नुकसान झालं, आणि ते माझ्या तोंडून झालं. त्यात माझी चूक किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाई तर म्हणतात, काहीच नाही. पण ज्याच्यामुळे झालं त्याच्या मनातून ते असं कुणाच्या म्हणण्यानं जात नाही.

मी हिंगोलीकडची. गावातली शाळा सातवीपर्यंत होती, पुढची दूर होती आणि घरात कामाला हात कमी होते, एवढ्यावर माझं शिक्षण संपलं. मावशीचे यजमान सातपूरला कारखान्यात होते, त्यांच्या आधारानं मी नाशकात आले आणि एका बाईंच्या शिवणवर्गात काज-बटणाला बसले. मावशीच्या खोलीत आधीच इतकी माणसं होती की रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागायचं. मी सारखी धास्तावलेली असायचे. कुणी ‘शांता’ अशी हाक मारली की वाटायचं, आता परत पाठवणार.

वत्सलाबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. शिवणवर्गात त्या ब्लाउज घेऊन येतील असं वाटलं होतं, तर त्या मांजरपाटाचे दोन मोठे पन्हे घेऊन आल्या. म्हणाल्या, “ह्यांना मधोमध जोड घालायचाय. शिवण अशी हवी की वरून हात फिरवला तरी लागता कामा नये.” बाकीच्या मुली हसल्या, एवढी मोठी चादर कुणाच्या पलंगाची म्हणून. तो कपडा माझ्या वाट्याला आला. मी शिवण दोनदा उसवली आणि तिसऱ्यांदा घातली. बाईंनी डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, “राहतेस कुठं?” मी सांगितलं. पुढच्या महिन्यात मी त्यांच्या मागच्या खोलीत होते.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे बाई चहाचं पातेलं चिमट्यानं उतरवायच्या आणि चिमटा ओट्यावर टाकायच्या, तो खणखणाट म्हणजे माझं उठायचं घड्याळ. मग रेडिओ, मग कारखान्याचा भोंगा, मग दारावरून जाणारा द्राक्षांचा हातगाडीवाला. दिंडोरीकडची द्राक्षं, घडातून गळालेले सुटे मणी तो स्वस्तात द्यायचा आणि बाई ते गच्चीवर पंचावर वाळत घालायच्या. स्वयंपाक आम्ही वाटून करायचो. त्यांच्या पोळ्या, माझ्या भाकरी. माझी भाकरी फुगली की त्या मुद्दाम शेजारणीला ऐकू जाईल अशा म्हणायच्या, “आमच्याकडे हिंगोलीहून आचारी आणलाय!” मी लाजून पदरात तोंड लपवायचे, पण त्या दिवशी भाकरी एक जास्तच व्हायची.

पुढच्या खोलीत त्यांचं रंगकाम. तिथं जवसाच्या तेलाचा वास भरून असायचा आणि मला त्या वासानं भूक लागायची. आमच्याकडे जवसाची चटणी रोजची. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ब्रश खाली पडला. “अगं, मी ह्या वासानं आयुष्य काढलं, आणि तुला भाकरी आठवते!” संध्याकाळी त्या मला जुन्या मासिकांतली चित्रं दाखवायच्या. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. “चित्रात काय आहे ते मागाहून. आधी सांग, आपण कुठं आहोत? उभे आहोत की बसलेले? लांब की जवळ? चित्रकारानं आपल्याला कुठं बसवलंय?” सुरुवातीला मला वाटायचं, आपण तर खोलीत आहोत, सतरंजीवर. हळूहळू कळायला लागलं. झोपलेल्या माणसाचे तळवे मोठे दिसतात, म्हणजे आपण पायथ्याशी. घागरीचं तोंड गोल दिसतं, म्हणजे आपण उभ्यानं आत डोकावतोय. मला ह्या खेळाची फार गोडी लागली. अडाणी माणसाला एखादी किल्ली सापडली की तो दिसेल त्या कुलपाला लावून बघतो, तसं माझं झालं.

मी जोडलेल्या त्या कपड्यावर बाई वाजंत्र्यांचं चित्र काढत होत्या. शहरात एक मोठं मंगल कार्यालय बांधून होत आलं होतं. त्याचे मालक आण्णासाहेब, बाईंच्या एका विद्यार्थिनीचे वडील. त्यांना मुख्य मंडपातल्या, नवरा-नवरी बसतात त्याच्या मागच्या भिंतीसाठी चित्र हवं होतं. बाईंनी आयुष्यभर शाळेचे फळे रंगवले, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले, देवळात रांगोळ्या घातल्या. त्यांचं चित्र भिंतीवर कायमचं कधी लागलं नव्हतं. ह्या भिंतीबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत, पण एकदा मला तिथं घेऊन गेल्या आणि ओल्या गिलाव्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एखादी बाई गरोदर लेकीच्या पोटावर ठेवते तसा. मला तेव्हाच कळलं, ह्यांना जगात एवढंच हवंय.

पावसाळा सरता सरता चित्र पुरं होत आलं. पाच वाजंत्री. दोघे सनईवाले, एक संबळवाला, एक डफवाला, एक झांजवाला. लाल-केशरी पागोटी, गळ्यात झेंडूच्या माळा, गाल फुगलेले, आणि पाचहीजणांचे डोळे मिटलेले, सुरात बुडाल्यासारखे. शाळेतल्या बाया बघून गेल्या. कुणी म्हणालं, “सनई ऐकू येते हो!” आण्णासाहेब येऊन खूश होऊन गेले. तुळशीचं लग्न झालं की कार्यालयाचं उद्घाटन, तोवर चित्र वाळायला हवं, एवढंच राहिलं होतं.

दिवाळीत बाबा मला बघायला आले. एसटीनं रात्रभर बसून, मांडीवर ज्वारीचं पीठ आणि जवसाच्या चटणीचं गाडगं घेऊन. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसल्या. चहा झाला. बाबांनी घरभर नजर फिरवली आणि मला म्हणाले, “काय माय, सुकाळच हाय की तुझा!” मला हायसं वाटलं. मग त्यांचं लक्ष चित्राकडे गेलं.

आता हे सांगायला हवं. माझे आजोबा डफडं वाजवायचे. गावात लग्न असलं की आमच्या वस्तीतल्या माणसांना वाजवायला जावंच लागायचं. तो धंदा नव्हता, ती गावानं लावलेली बांधिलकी होती. पुढे वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. वाद्यं खाली ठेवली ती कायमची. त्यापायी वस्तीचं पाणी बंद झालं, काम बंद झालं, तरी परत कुणी उचललं नाही. माझा जन्म त्यानंतरचा. मी आमच्या घरात डफडं पाहिलं नाही आणि बाबांच्या तोंडून त्याविषयी ऐकलंही नाही. ठाऊक होतं ते इतकंच, बायाबायांच्या बोलण्यातून आलेलं. बाईंना मी ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्या पाच वाजंत्र्यांना माळा घालत होत्या.

बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “लयच धुवून-पुसून बसवलीत मंडळी!”

बाई हसल्या. “लग्न आहे ना हो.”

“व्हय, व्हय. लग्न हाय.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “ह्यायचं जेवण झालंय का?”

घरी आलेल्या कुणाविषयीही विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. बाई चित्राकडे वळल्या. एकेका तोंडावरून त्यांनी नजर फिरवली. त्या चित्रात ते कळायला काही मार्गच नव्हता.

“न्हाई, आपलं आसंच इचारलं,” बाबा म्हणाले.

कुणी गप्प झालं की माझा जीव वरखाली व्हायचा. इथं तर दोन्हीकडची माझीच माणसं गप्प. ती शांतता मला कशानं तरी भरून टाकायची होती, बाबांना माझी हुशारीही दाखवायची होती आणि बाईंनाही बरं वाटावं असं होतं. मी पुढे झाले. “बाबा, बाई म्हणतात, चित्र बघताना आपण कुठं आहोत ते आधी बघायचं. हे बघा, ह्यांच्या पागोट्यांचे वरचे पेच दिसतात ना? म्हणजे आपण ह्यांच्याहून उंच. आणि इथं खाली ही लाकडाची कड आहे, तो पाट. म्हणजे ते अंगणात खाली बसलेत आणि आपण ओट्यावर, पाटावर. आपण जेवायला बसलोय!”

बरोबर सांगितलं म्हणून मी बाईंकडे पाहिलं. शाबासकीसाठी. त्या चित्राच्या त्या कडेकडे बघत होत्या, जशी ती त्यांनी काढलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाबांना सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत ते आपणहून बोलले, तेवढंच. शेवटची पंगत उठेपर्यंत वाजवायचं, अशी रीत होती. लोक जेवत असताना सनई थांबली तर यजमानाचा अपमान. मग सगळं आटोपलं की कुणीतरी उरलेलं घेऊन यायचा आणि वाजंत्र्यांनी धोतराचा सोगा पसरायचा. पानावर वाढायची पद्धत नव्हती. “म्या लहान हुतो. बापाच्या संगं जायचो. वाजवत आसताना त्येचं ध्यान सुरात किती आन् पंगतीत किती, ते त्येलाच ठावं.” मग लगेच म्हणाले, “त्या बाईला काही बोलू नको माय. चांगली बाई हाय. तुझी जागा हाय तिथं.”

मी बोलले नाही. गरजच पडली नाही. घरी आले तर बाई जमिनीवर बसल्या होत्या, चित्र भिंतीला टेकवलेलं, दिवा न लावता. म्हणाल्या, “माझ्या आत्याच्या लग्नात मी पाटावर बसले होते, शांता. जिलबी होती. त्या जिलबीचा पाक मनगटापर्यंत आला होता ते मला आठवतं. समोर वाजंत्री होते. त्यांचं एक तोंड आठवत नाही. एकही नाही. म्हणून मी डोळे मिटलेले काढले. डोळे काढायची पाळीच येऊ दिली नाही.” आणि मग, “तू बरोबर बघितलंस.”

इतकी वाईट शाबासकी मला आयुष्यात कुणी दिली नाही.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. बाईंनी ते पाचहीजण पांढऱ्या रंगानं पुसून टाकले आणि त्याच कपड्यावर नव्यानं काढायला घेतलं. मी रडले, पाया पडले. म्हटलं, बाई, माझे बाबा अडाणी आहेत, मी अडाणी आहे, आमच्या बोलण्यावर जाऊ नका. त्या चिडल्या, ते एकदाच. “अडाणी म्हणून स्वतःला सोडवून घेऊ नकोस. धर ही तेलाची बाटली.”

नवं चित्र मी आता सांगते, कारण ते पाहिलेली माणसं फार थोडी आहेत. आपण अंगणात, मातीवर बसलोय, वाजंत्र्यांच्या मागे, अगदी जवळ. समोर पाच पाठी. बंड्या घामानं पाठीच्या कण्याला चिकटलेल्या. सनईवाल्याची मान फुगलेली दिसते, गाल दिसत नाही, फक्त कानामागची शीर दिसते आणि त्या शिरेवरून कळतं तो किती वेळ फुंकतोय. सगळ्यांच्या मानांचा कल एकाच बाजूला, डावीकडे वर. तिकडे ओटा, आणि ओट्यावर पत्रावळींची हिरवी ओळ, तूप वाढणारा वाकलेला हात, सोनेरी उजेड. सगळा उजेड तिकडे. अलीकडे मातीचा, तपकिरी, थंड रंग. कपड्यात मी घातलेली ती शिवण बाईंनी आधीच्या चित्रात रंगाखाली गाडली होती. ह्यात त्यांनी तिच्यावरचा रंग खरवडून ती उघडी ठेवली, ओट्याची कड म्हणून. उजेड आणि माती जिथं भेटतात तिथं माझा टाका आहे. आणि पाच पाठींमध्ये एक फट आहे, एक माणूस मावेल एवढी. लोकांना वाटेल, रचनेत मोकळी जागा सोडली. मला वाटतं, बाईंनी ती स्वतःसाठी सोडली असावी आणि मग बसायचा धीर झाला नसावा. हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

त्या चित्रात सनई ऐकू येत नाही. पंगतीचा आवाज येतो.

आण्णासाहेब आले तेव्हा रंग ओलाच होता. माणूस वाईट नव्हता. ते हसतच म्हणाले, “बाई, हे उलटं का लावलंय?” मग त्यांच्या लक्षात आलं. “अहो, लग्नघर आहे हे, शाळा नाही. नवरा-नवरीच्या मागे ह्या पाठी? फोटोत काय येईल?”

“पंगत येईल,” बाई म्हणाल्या.

“पंगत खालीच असते की आमच्याकडे! भिंतीवर कशाला पाहिजे?” ते खरंच गोंधळले होते. “ते आधीचं काय झालं? किती गोड होते ते लोक.”

“खाली आहेत. ह्याच रंगाच्या खाली.”

“मग काढा ना परत. मी उद्घाटन आठ-पंधरा दिवस ढकलतो. तुमच्यासाठी ढकलतो. पण हे नको.”

ते गेल्यावर मी बाईंच्या मागे लागले. काढा ना, बाई. त्यांना हवं तसं काढा. हे आपल्याजवळ ठेवू. मला भिंत दिसत होती, ओला गिलावा आणि त्यावरचा त्यांचा हात. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर त्यांनी तशी तोंडं काढलेली मी पाहिली. पानंच्या पानं. मिटलेले डोळे, फुगलेले गाल. सगळी चुरगाळून कोपऱ्यात टाकलेली. चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “जमत नाही गं आता. डोळे मिटले की ते मेल्यासारखे दिसतात.” आणि हसल्या. मी नाही हसू शकले.

त्या भिंतीवर धबधब्याचं छापील चित्र लागलं. नंतर ते जाऊन आरसे आले, आता तिथं पडदा आहे, त्यावर नवरा-नवरीचेच फोटो फिरत राहतात. मी तिथं लग्नांना जाते. जावंच लागतं, गिऱ्हाइकांच्या घरची लग्नं असतात, ब्लाउज मीच शिवलेले असतात. डीजेचा आवाज इतका असतो की छातीत धडधडतं. जेवण उभ्यानंच असतं. हातात ताट घेऊन मी त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहते.

बाईंनी मला एका शब्दानं दुखावलं नाही, हेच मला जड जातं. उलट त्यांनी मला रात्रशाळेत घातलं, माझ्या लग्नात आईच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि ते चित्र चौकटीतून काढून, गुंडाळून मला दिलं. “तुझं शिवणकाम आहे त्यात,” म्हणाल्या. बाबा लग्नाला आले होते तेव्हा मी ते जमिनीवर उलगडून दाखवलं. चारही कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले. बाबा उकिडवे बसून बघत राहिले, बराच वेळ. शेवटी म्हणाले, “गुंडाळ आता. रंग खराब व्हतील.” आणि डबे स्वतःच उचलले. त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही, आणि आता ते नाहीत.

आज माझी साठी उलटली आहे. नाशकात माझं दुकान आहे, घर आहे, पण दोन्हीकडे एवढी मोठी भिंत नाही. बाई त्यांच्या भाचीकडे असतात. कान तल्लख, नजर मात्र धूसर झाली आहे. मी दर रविवारी जाते. चित्राचा विषय त्या काढत नाहीत आणि मला काढवत नाही.

गेल्या वर्षी गावी आमच्या वस्तीत विहाराशेजारी मोठं सभागृह बांधलं. तिथं आता लग्नं होतात, सगळे एका ओळीत बसून जेवतात. समोरची भिंत कोरी आहे. मी भावाला विचारलं. त्याच्या मोबाइलवर चित्राचा फोटो पाठवला होता. तो त्यानं पाहिला. मग म्हणाला, “अक्का, जे आपल्या आज्यानं खाली ठेवलं ते आपण परत वर टांगायचं का? लेकरं रोज ते बघतील.” मी म्हटलं, अरे, हे वाजंत्र्यांच्या बाजूला बसून काढलेलं आहे. तो म्हणाला, “तुला बघता येतं. सगळ्यांना येतं का?” मला त्याचंही पटलं. मी फोन ठेवला आणि कपाटावरची ती गुंडाळी पुसून परत ठेवली.

पण मी थांबणार नाही. दिवाळीनंतर मी गुंडाळी घेऊन स्वतः गावी जाणार आहे. वस्तीतल्या पोरापोरींना सभागृहात बसवीन, ते जमिनीवर उलगडीन आणि माझ्या बाईंनी मला जसं बघायला शिकवलं तसं त्यांना शिकवीन. मग ते सांगतील, लावायचं की नाही. नाही म्हणाले तर दुसरं गाव, दुसरी शाळा, एखाद्या वाचनालयाचा जिना. चित्रावर बाईंची सही राहून गेली आहे. कोपरा मोकळाच आहे, आणि त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून मला घाई आहे.

भिंत मी देणार आहे, बाई. फार उशीर केला, ते मला कळतं. पण तुम्हाला गाडीत घालून तिथवर नेईन, ब्रश हातात देईन आणि मनगट मी धरीन.